चांदणीची आखूड पाकळी

माझे भावोजी ओरेस्ट पिडस्काल्नी कुणाशी भांडल्याचं आमच्या नॉर्थ ब्रॉडी गावात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. धान्याच्या कोठारावर त्यांनी उभी हयात काढली. शेतकरी गव्हाचा ट्रक घेऊन यायचे, भावोजी ओलावा मोजून प्रत ठरवायचे आणि शेतकरी बोंब मारायचे, कारण आपल्या गव्हाची प्रत कधीच कुणाला पटत नाही. भावोजी सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि प्रत तीच ठेवायचे. पुढे कंपनीने कोठार पाडायला घेतलं. अख्खं गाव रस्त्यावर उभं राहून हळहळत होतं आणि हे गृहस्थ पाडणाऱ्या लोकांना थर्मासमधली कॉफी ओतून देत होते.

मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या पोटावर पाय देताहेत ते, आणि तुम्ही त्यांना कॉफी पाजताय?"

"थंडी किती आहे गं, व्हर्ना," ते म्हणाले. "त्या पोरांचा काय दोष?"

अशा माणसाशी वाद तरी काय घालणार? मला वाद घालायला आवडतं, म्हणून माझी फार अडचण व्हायची.

माझी थोरली बहीण स्टेफ्का त्यांच्या अगदी उलट. आम्हा दोघींची जीभ आईवर गेली होती, पण आईचा हात मात्र एकट्या ताईला मिळाला. मी सुई धरली ती बटण लावण्यापुरती. ताईने गावातल्या नाचाच्या मंडळाचे सगळे शर्ट हाताने भरले होते, आणि प्रत्येकाच्या मनगटपट्टीवर असायची आईची चांदणी. लाल, काळ्या काठाची, आठ पाकळ्यांची. अशी चांदणी फक्त तिच्या माहेरच्या गावात होती, असं आई छातीठोक सांगायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, आमच्याही गावात होती. त्यावरून चर्चच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात हातातली लाटणी तेवढी एकमेकींवर पडायची बाकी राहायची.

आई नवरी होऊन समुद्रापलीकडून इथे आली ती पेटीत एक शर्ट, एक उशी आणि लाल दोऱ्याची गुंडी घेऊन. शर्ट अर्धा भरलेला होता. तो तिने इथल्या पहिल्या हिवाळ्यात पुरा केला. इथल्या दुकानातला लाल दोरा तिला जन्मात पसंत पडला नाही. "हे काय लाल आहे? हे टोमॅटोचं सार आहे," असं ती दुकानदाराला तोंडावर म्हणायची. तिचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. पीठ कमी पडलं, पडद्याचं कापड खिडकीला पुरलं नाही, ताटात बटाट्याचं सारण भरून उकडलेला शेवटचा पिरोगी कुणाच्या वाट्याला आला नाही, की म्हणायची, "राहिलेलं तिकडे राहिलं." जणू इथे जे जे कमी पडेल ते सगळं तिच्या माहेरी फळीवर झाकून ठेवलेलंच आहे! लहानपणी मला त्या वाक्याचा भारी राग यायचा, कारण कमी पडलेला पिरोगी बहुधा माझा असायचा.

आई गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून तोच शर्ट घालून आम्ही तिला मातीत ठेवलं. त्यामुळे मूळ चांदणी तिच्याबरोबर गेली. नंतर एका हिवाळ्यात हॉलच्या मागच्या खोलीतल्या वायरिंगने पेट घेतला आणि ताईने भरलेले सगळे शर्ट जळाले. पोरी रडायला लागल्या तर ताई त्यांच्यावरच ओरडली, "रडताय काय? माझे हात जळलेत का? पुन्हा भरते."

त्याच हिवाळ्यात तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. ज्या बाईने भल्याभल्यांना गप्प केलं होतं तिच्याजवळ तीन शब्द उरले, "अजून", "थोडं" आणि "नको". एक शिवीही उरली होती, ती मी इथे लिहीत नाही, पण ती मात्र ताई अगदी स्वच्छ उच्चारायची. आणि गंमत म्हणजे रविवारी चर्चमध्ये स्तोत्र सुरू झालं की ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत म्हणायची. डॉक्टर म्हणाले, लहानपणी पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. देवाशी बोलता येतं आणि बहिणीशी येत नाही, हा कुठला न्याय?

कोठार आधीच गेलेलं, घरात ताई अशी. भावोजींनी एक दिवस शहरात जाऊन भरतकामाचं मशीन आणि एक संगणक आणला. गावातल्या कॉफीच्या टेबलावर पुरुषांना विषयच मिळाला.

"ओरेस्ट, माझ्या बनियनवर एक गुलाब काढून दे रे," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. भावोजींनी त्याचं बनियन मागून घेतलं आणि दोन दिवसांनी खरंच त्यावर गुलाब काढून परत दिलं. हसण्याची सोयच ठेवली नाही.

पण मशीन आणलं होतं ते चांदणीसाठी. ताई शेजारी खुर्चीत बसायची. हे पडद्यावर चांदणी आखायचे, मशीन ती कापडावर शिवायचं आणि ताई बघून "नको" म्हणायची. का, ते कळायला भावोजींना बराच काळ लागला. पडद्यावर नीट आखलेली चांदणी कापडावर अरुंद यायची. टाके आडवे पडतात, दोरा ताणला जातो आणि कापडाला आत ओढतो. म्हणजे कापडावर सरळ यायला हवी असेल तर पडद्यावर ती मुद्दाम वाकडी आखायची. जिकडे ओढ बसणार तिकडे आधीच रुंद करून ठेवायची. भावोजी एकेक पाकळी ओढायचे, शिवायचे, ताईपुढे धरायचे. "अजून." पुन्हा ओढायचे. "थोडं." पुन्हा शिवायचे. "नको" म्हणाली की हात काढून घ्यायचे. का नको, असं विचारून उपयोग नव्हता, कारण सांगणार कशी? घरात फसलेल्या चांदण्यांच्या कापडांचा एवढा ढीग झाला की मी ती भांडी पुसायला नेत असे. पण वसंतात पोरी नाचल्या तेव्हा मनगटावर आईची चांदणी होती. मी हॉलच्या शेवटच्या रांगेत उभी राहून रडले, आणि मी सहसा रडत नाही.

पुढे भावोजींचं मशीन गावाचंच झालं. बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या संघांची जॅकेटं, अग्निशमन दलाच्या टोप्या, नातवंडांचे लाळेरे. वर्षं गेली. आणि मग जीनी कुझिकने पुस्तक काढायचं ठरवलं.

जीनी म्हणजे हॉलच्या स्वयंपाकघराची मुखत्यार. तिच्या कल्पना चांगल्या असतात, ही तिच्याबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे. पिरोग्यांच्या कडा दाबत बसलो असताना ती म्हणाली, "आपल्या म्हाताऱ्या गेल्या की नक्ष्याही चालल्या. घराघरातली एकेक नक्षी छापू या. एकेका पानावर एकेक नक्षी, घराचं नाव वर. म्हणजे पोरींना बघून हाताने भरता येईल."

ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की नंतर त्यावर पिठाची पाच बोटं उमटली. आईची चांदणी आता कुठे होती? मशीनने शर्टांवर शिवलेल्या सोडल्या तर एक ताईच्या डोक्यात आणि एक भावोजींच्या त्या मशीनच्या फाइलीत. डोक्यातलं तिला सांगता येत नव्हतं आणि काढून दाखवायला हात नव्हता. पुस्तकात चांदणी गेली नाही तर ती ताईबरोबरच जाणार, हे तिला कळत होतं आणि मलाही.

"फोटो चालेल का?" मी विचारलं.

"फोटो पाहिला मी तुमच्या शर्टाचा," जीनी म्हणाली. "छापून नुसता शाईचा डाग येतो. छापखान्याला स्वच्छ रेघांचं चित्र हवंय, वेक्टर म्हणतात ते. लहान करा, मोठं करा, रेघ फुटत नाही. ओरेस्टकडे संगणक आहे, करू दे त्याला. पण गुरुवारपर्यंत हं. शुक्रवारी छपाई सुरू होतेय."

भावोजींना वाटलं, फाइल तर आहेच, तिचं चित्र करायला कितीसा वेळ? त्यासाठीचा प्रोग्रॅम त्यांनी आणला, फाइल त्यात घातली आणि निघालं ते कोंबडीने उकरल्यासारखं. कारण मशीनच्या फाइलीत चित्र नसतंच. सुई इथे टोच, मग तिथे टोच, दोरा काप, एवढे हुकूम असतात. प्रोग्रॅमने इमानदारीने हरेक टाक्याची रेघ काढली होती. वरचे टाके, खालच्या आधाराचे टाके, एका पाकळीवरून दुसरीकडे उडी मारलेला दोरासुद्धा. भावोजींनी ते सगळं निवडून काढलं, तांदळातले खडे काढावेत तसं, आणि पाकळ्यांच्या कडा तेवढ्या ठेवल्या. मग छापून माझ्यापुढे धरलं.

"भावोजी, हिच्यावर कुणी बसलं होतं का?" मी म्हटलं.

खरोखर तसंच दिसत होतं. चांदणी आडवी फताडी झाली होती. कापडाची ओढ गृहीत धरून जे जे रुंद केलं होतं, ते कागदावर तसंच रुंद राहिलं. कागद थोडाच ओढतो!

भावोजी मात्र घाबरले नाहीत. त्यांनी ते चित्र टेबलावर पसरलं आणि मला दाखवलं, "हे बघ, बाजूच्या सगळ्या ताणलेल्या आहेत, पण ही उजवीकडची पाकळी तेवढी ताणलेली नाही. ही उभ्या पाकळ्यांएवढीच आहे. म्हणजे खरं माप हे. आता बाकीच्या हिच्या मापाने आत घेतो." आणि त्यांनी तसं केलं. आठही पाकळ्या सारख्या, नाण्यावर उठवल्यासारख्या. बुधवारी सकाळी जीनीला दाखवली तर ती खूश, एक प्रत तिने ठेवूनच घेतली. "बघा, माझा ओरेस्ट!" म्हणाली. तिचा कधीपासून झाला कोण जाणे.

त्याच दुपारी त्यांनी ते पान ताईपुढे ठेवलं. मी बीटाचं सार घेऊन गेले होते, म्हणून तिथेच होते. भावोजींचा चेहरा परीक्षेचा निकाल आणलेल्या मुलासारखा होता.

ताईने पान पाहिलं. "नको," म्हणाली.

"अगं, सरळ केलीय आता. कागदावरची आहे ही."

"नको. नको." मग ती शिवी. मग तिने पान ढकललं ते जमिनीवर पडलं.

भावोजींनी ते वाकून उचललं. "व्हर्ना, हिला नाही आवडली आणि उद्या गुरुवार आहे," ते म्हणाले. "काय चुकलं ते मला कळत नाही, आणि हिला सांगता येत नाही." इतक्या वर्षांत मी त्या माणसाचे डोळे भरलेले पाहिले नव्हते. कोठार पडलं तेव्हाही नाही.

मी ताईवर चिडले. हो, चिडले. म्हटलं, "मेले, तुझ्यापायी हा माणूस आठवडाभर त्या पडद्यापुढे डोळे फोडतोय, आणि तू कागद फेकतेस?"

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती उठली, लंगडत आतल्या खोलीत गेली आणि एक जुना शर्ट घेऊन आली. भावोजींनी मशीनवर केलेला, कुठल्याशा नाचणाऱ्या पोरीला तोकडा झाला म्हणून परत आलेला. त्याची मनगटपट्टी तिने टेबलावर सपाट केली आणि कागद शेजारी ठेवला. मग आपला डावा अंगठा कागदावरच्या उजव्या पाकळीच्या टोकावर दाबून धरला. टोक झाकलं गेलं. आता कागदावरची चांदणी आणि कापडावरची चांदणी एकसारखी दिसायला लागली, कारण कापडावर ती उजवी पाकळी आखूडच होती.

"ती तर माझी कसर आहे गं," भावोजी म्हणाले. "कापड ओढून घेतं तिथे. मी दरवेळी ती लांबवायला जायचो आणि तू नको म्हणायचीस, म्हणून मी सोडून दिली. कागदावर सुधारली मी."

ताईने मान हलवली. अंगठा काढला नाही. तिचे ओठ काहीतरी शोधत होते. मग, स्तोत्र म्हणताना यायचा ना, त्या जुन्या खणखणीत आवाजात ती एकदम म्हणाली, "राहिलेलं तिकडे राहिलं."

अख्खं वाक्य. आईच्या सुरात.

माझ्या हातातला डाव सारात पडला. मला ती गुंडी दिसली. पेटीतून आलेली लाल दोऱ्याची गुंडी, पहिला हिवाळा, आणि मनगटावरच्या शेवटच्या पाकळीवर येऊन संपलेला दोरा. दुकानात टोमॅटोचं सार मिळत होतं, ते आईने घेतलं नाही. पाकळी आखूड ठेवून काळा काठ घातला आणि शर्ट पुरा केला. पुढे ताई शिकली ती तशीच शिकली. हवा तेवढा दोरा हाताशी असताना तिने एकही पाकळी आईपेक्षा लांब केली नाही. आणि वाचा गेल्यावरही "नको" एवढ्या एका शब्दावर तिने ती राखून ठेवली होती. मी मात्र आईचं ते वाक्य जन्मभर पिरोग्यांबद्दलच समजत होते.

मी ते सगळं भावोजींना सांगितलं. त्यांनी मनगटपट्टीवरून बोट फिरवलं. "आणि मी म्हणत होतो, कापड ओढतंय," ते म्हणाले. मग संगणकाची खुर्ची ओढली आणि शेजारी ताईची.

"सांग," ते तिला म्हणाले.

पाकळी आत घेत गेले. "अजून." आणखी आत. "अजून. थोडं." अगदी केसभर. "नको." त्यांनी हात काढून घेतला.

गुरुवारी आम्ही तिघं हॉलमध्ये गेलो. जीनीने पान पाहिलं आणि चष्मा वर केला. "ओरेस्ट, ही पाकळी कापली गेलीय. कालची चांगली होती की."

"कालची चुकीची होती," भावोजी म्हणाले. "ही बरोबर आहे."

"अरे, पोरी बघून भरणार. त्यांना वाटेल पुस्तकात चूक आहे. सातांसारखी आठवी करायला काय जातंय तुझं?"

"आखूडच राहील."

"मी कालचंच पान पाठवते. माझ्याकडे आहे ते."

तेव्हा नॉर्थ ब्रॉडीने कधी न पाहिलेली गोष्ट घडली. भावोजींनी टेबलावर मूठ आपटली. जोरात नव्हे, पण पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं आणि पिरोगी दाबणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले. "कालचं पान गेलं तर त्यावर आमच्या घराचं नाव घालू नकोस," ते म्हणाले. "ते आमचं नाही. पाकळी आखूड छापायची, नाहीतर छापायचं नाही."

जीनी लाल झाली. ती काही कमी नव्हे. पण तिने भावोजींना सोडून ताईकडे मोहरा वळवला. "स्टेफ्का, तू सांग. पोरींनी विचारलं, ही एकच आखूड का, तर काय सांगायचं मी?"

मी बोलायला तोंड उघडलं. ताईने माझ्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः म्हणाली, "राहिलेलं तिकडे राहिलं." दुसऱ्यांदा तिला ते थोडं जड गेलं, पण आलं.

तिथल्या बहुतेक बायकांच्या आया समुद्रापलीकडून आलेल्या. काय राहिलं, कुठे राहिलं, असं कुणी विचारलं नाही.

जीनीने आमचं पान इतर पानांवर ठेवलं. नीट, कडा जुळवून. मग त्या गठ्ठ्यात खाली हात घालून तिने दुसरं एक पान ओढून काढलं. वर कुझिक असं नाव होतं. फुलांची वेल, दोन्ही बाजूंना सारख्या कळ्या, देखणी.

"माझ्या आईच्या उशीवर ही डावीकडची कळी नाहीये," ती म्हणाली. तिचा नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "रिकामी जागा आहे तिथे. मी कधी विचारलंच नाही. पुस्तकात बरं दिसेल म्हणून मीच घातली."

 

जीनीने पान भावोजींपुढे धरलं. "ओरेस्ट, काढून टाकतोस का रे ही कळी? छापखाना संध्याकाळी पाचला बंद होतो."

भावोजींनी टोपी घातली. मी ताईला कोट चढवला आणि आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो. भावोजी पडद्यापुढे बसले, जीनी त्यांच्या मागे उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. त्यांनी ती कळी धरली, पण काढली नाही. सवयीने आधी ताईकडे पाहिलं.

ताईने जीनीचा हात आपल्या डाव्या हातात घेतला.

"थोडं थांब हं," जीनी म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "काढ आता."